वार्ताहराचा प्रश्न, जनतेला उत्तर

लोकशाही राज्यव्यवस्थेत कारभार चांगला चालणे जितके आवश्यक, तितकेच तो कसा चालला आहे हे जनतेला कळणेही आवश्यक असते. ग्रामसभा, सूचनाफलक, दवंडी आणि पत्रके ही या कामाची जुनी साधने होत. परंतु एखादी घटना घडली की, त्या कामाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्याच तोंडून चार शब्द ऐकावेत, अशी लोकांची स्वाभाविक अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी करण्याचे साधन म्हणजे मुलाखत.

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा बातमी बोटीने आणि टपालाने प्रवास करीत असे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि बोलणाऱ्याचा आवाज घराघरांत पोचू लागला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर त्याचा चेहराही दिसू लागला. आज तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराच्या खिशातील भ्रमणध्वनी हाच कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि प्रक्षेपक झाला आहे. यामुळे पूर्वी जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांनाच विचारले जाणारे प्रश्न आता प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, शाळेचा मुख्याध्यापक आणि गावचा सरपंच यांनाही केव्हाही विचारले जातात. त्यांना या कामाचे शिक्षण मात्र बहुधा कोणी दिलेले नसते.

अशा वेळी दोन टोकाच्या प्रवृत्ती आढळतात. काही जण वार्ताहराला टाळतात, दूरध्वनी उचलत नाहीत, किंवा “साहेबांना विचारा” एवढेच सांगून मोकळे होतात. दुसरे काही जण विचारले त्याहून पुष्कळ अधिक बोलतात. ऐकीव माहिती देतात, कारणांचे तर्क करतात आणि दुसऱ्या खात्यावर ठपकाही ठेवतात. या दोन्हींचा तोटा बोलणाऱ्याला होतो हे खरे. पण त्याहून मोठा तोटा ज्याला त्या माहितीची गरज असते त्या नागरिकाला होतो.

मुलाखत कोणाशी?

मुलाखतीच्या तंत्राविषयी पुष्कळ सूचना करता येतील. त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. प्रश्न वार्ताहर विचारीत असला, तरी उत्तर त्याला द्यावयाचे नसते. त्याच्यामार्फत ते नागरिकाला द्यावयाचे असते. वर्तमानपत्र वाचणारा शेतकरी, आकाशवाणीवरील बातम्या ऐकणारी गृहिणी, मुलाला शाळेत पाठवून चिंतेत बसलेला पालक हे त्या मुलाखतीतील खरे श्रोते होत. वार्ताहर हा केवळ मधला दुवा असतो. तो मित्र आहे की विरोधक, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो. श्रोता डोळ्यांसमोर असला म्हणजे भाषा आपोआप सोपी होते, अनावश्यक वाद टळतो आणि काय सांगावे याची निवडही सुलभ होते.

माहितीअभावी होणारी हानी

योग्य वेळी विश्वसनीय माहिती न पोचल्यास काय घडू शकते, याचे दुःखद उदाहरण मुंबईने पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरे पाण्याखाली गेली, दूरध्वनी बंद पडले, अनेक भागांत वीज नव्हती. त्यानंतर दोनच दिवसांनी, धरण फुटले आहे, समुद्राची प्रचंड लाट येत आहे, अशा अफवा पश्चिम उपनगरांत पसरल्या. जुहूजवळील नेहरूनगर वस्तीत लोक जीव वाचविण्यासाठी धावू लागले आणि त्या चेंगराचेंगरीत अनेकांचा बळी गेला. तेथे पाण्याचा लोंढा आलाच नव्हता. अफवा पसरते ती माहितीच्या पोकळीत. ही पोकळी भरून काढणे, हे अधिकारपदावरील व्यक्तीचे आपत्तीच्या काळातील पहिल्या प्रतीचे कर्तव्य आहे.

दुसरे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे. देशात कोंबड्यांमध्ये ‘बर्ड फ्लू’ची लागण झाल्याचे १८ फेब्रुवारी २००६ रोजी प्रथम जाहीर झाले ते नवापूर येथे. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुन्यांत एच-५ एन-१ हा विषाणू असल्याचे निदान केले होते. लक्षावधी कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. देशभर अंडी व कोंबडीचे मांस यांची मागणी एकदम घसरली आणि बाधित क्षेत्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कुक्कुटपालकांचेही कंबरडे मोडले. त्या वेळी सामान्य ग्राहकाचा प्रश्न अगदी साधा होता : अंडी खावीत की नाही? या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर उपलब्ध होते. अन्नाच्या सर्व भागांत ७० अंश सेल्सिअस तापमान पोचेपर्यंत ते शिजविल्यास हा विषाणू नष्ट होतो. बाधित क्षेत्रातील पक्षी मात्र हाताळू नयेत व खाऊ नयेत. विषाणूच्या प्रकाराविषयी कितीही विस्ताराने सांगितले, तरी एवढी दोन वाक्ये राहून गेली, तर श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. ही वाक्ये स्पष्टपणे सांगण्यावर कित्येक कुटुंबांची उपजीविका अवलंबून असते.

बोलण्याचा अधिकार

मुलाखत देण्यापूर्वी आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे तेथील शिक्षकांसाठीही, १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. अधिकृत कागदपत्रे व माहिती अनधिकृतपणे कोणाला देऊ नये आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, असा या नियमांचा रोख आहे. सरपंच व पंचायत सदस्य हे लोकप्रतिनिधी असल्याने त्यांची गोष्ट निराळी आहे. परंतु त्यांनीही ग्रामपंचायतीच्या अभिलेखाबाहेरचे आकडे ठोकून देऊ नयेत.

तथापि, या नियमांचा अर्थ ‘काहीच बोलू नये’ असा करणे चुकीचे होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये पुष्कळशी माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्याचे बंधन सार्वजनिक प्राधिकरणांवर आहे. योजनेची पात्रता, मंजूर निधी, लाभार्थ्यांची संख्या, अर्ज करण्याची पद्धत ही माहिती गुप्त नाही. आपल्या कामाच्या कक्षेतील, नोंदीवर आधारलेली माहिती द्यावी. धोरणाविषयीचे प्रश्न वरिष्ठांकडे सोपवावेत. आणि कोणत्या प्रसंगी कोणी बोलावे, हे कार्यालयाने आधीच ठरवून ठेवावे, हा यातील सुवर्णमध्य होय. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना नव्या कामांच्या घोषणा मुलाखतीतूनही करता येत नाहीत, याचेही भान ठेवावे.

आपत्तीच्या वेळी तर एकानेच बोलणे फार महत्त्वाचे ठरते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ‘थ्री माइल आयलंड’ येथील अणुविद्युत केंद्रात अपघात झाला. वीज कंपनी, राज्य शासन आणि केंद्रीय नियामक आयोग यांच्याकडून पहिल्या दोन दिवसांत परस्परांशी न जुळणारी माहिती बाहेर पडत राहिली. ३० मार्च रोजी गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी बाहेर जावे, असा सल्ला दिला. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लोक घरे सोडून गेले. त्याच दिवशी अध्यक्ष कार्टर यांनी हॅरॉल्ड डेंटन या आयोगाच्या अधिकाऱ्यांना तेथे पाठविले. यानंतर तांत्रिक माहिती एकाच व्यक्तीकडून, साध्या भाषेत मिळू लागली आणि लोकांची घबराट हळूहळू ओसरली. तालुका पातळीवरील प्रसंग एवढे मोठे नसतात; पण तहसीलदार एक आकडा सांगतात, पोलीस ठाणे दुसरा आणि सरपंच तिसरा, हा अनुभव आपल्याला अपरिचित नाही.

पूर्वतयारी

वार्ताहराचा दूरध्वनी आला की, प्रथम त्याला काही गोष्टी विचाराव्यात. तो कोणत्या वर्तमानपत्राचा अथवा वाहिनीचा प्रतिनिधी आहे? विषय कोणता? आणखी कोणाकोणाशी तो बोलला आहे? मुलाखत ध्वनिमुद्रित होणार की थेट प्रक्षेपित? आणि बातमी किती वाजेपर्यंत द्यावयाची आहे? हे विचारण्यात गैर काही नाही. अनुभवी वार्ताहराला ते अपेक्षितच असते. माहिती हाताशी नसल्यास “अर्ध्या तासात नोंदी पाहून सांगतो” असे म्हणावे आणि अर्ध्या तासात खरोखरच दूरध्वनी करावा. वर्तमानपत्राचे पान ठराविक वेळी छपाईस जाते. त्यानंतर दिलेली अचूक माहिती त्या दिवसापुरती निरुपयोगी असते आणि बातमीत “संबंधित अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही” हे वाक्य येते.

त्या अर्ध्या तासात कागदावर तीन वाक्ये लिहून काढावीत. काय घडले? त्याबाबत काय केले जात आहे? लोकांनी काय करावे? आपत्तीचा प्रसंग असो वा योजनेची माहिती असो, बहुतेक सर्व मुलाखतींचे सार या तीन वाक्यांत बसते. आकडे लिहिताना त्यांच्यापुढे दिनांक व वेळ लिहावी. “३४ रुग्ण” यापेक्षा “आज दुपारी दोन वाजेपर्यंत ३४ रुग्ण” असे सांगितले, म्हणजे सायंकाळी संख्या वाढली तरी दुपारचे विधान खोटे ठरत नाही. याखेरीज आपल्याला सर्वांत नकोसे वाटतील असे तीन प्रश्न कोणते, याचाही विचार करून ठेवावा. ते प्रश्न हमखास विचारले जातात.

एक प्रसंग

समजा, एका गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण आढळले आहेत. वार्ताहर प्राथमिक आरोग्य केंद्रात आला आहे. तेथील संभाषण पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

“डॉक्टर, गावात कॉलऱ्याची साथ आली आहे, हे खरे ना?”

“काल सकाळपासून आज दुपारी दोन वाजेपर्यंत जुलाब-उलट्यांचे ३४ रुग्ण आमच्याकडे आले. त्यांपैकी सहा जणांना दाखल करून घेतले आहे. आजाराचे कारण तपासणीनंतरच ठरेल. नमुने आज सकाळी प्रयोगशाळेकडे पाठविले आहेत.”

“म्हणजे कॉलरा नाही, असे लिहू का?”

“अहवाल येईपर्यंत, आहे असेही लिहू नका आणि नाही असेही लिहू नका. लोकांनी मात्र अहवालासाठी थांबू नये. आजपासूनच पाणी उकळून प्यावे, जुलाब सुरू होताच क्षारसंजीवनी द्यावी आणि रुग्णाला ताबडतोब येथे आणावे. केंद्र रात्रभर उघडे आहे. हे तेवढे अवश्य छापा.”

“नळाची वाहिनी फुटल्याची तक्रार आठ दिवसांपूर्वीच केली होती, असे लोक म्हणतात. मग जबाबदार कोण?”

“वाहिनीची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे असते. तक्रारीची नोंद आणि तारीख तुम्हाला तेथेच नक्की मिळेल. रुग्णांविषयी आणि औषधांविषयी काय विचारायचे ते मला विचारा.”

या उत्तरांत काय साधले, ते पाहण्यासारखे आहे. डॉक्टरांनी तर्क केला नाही, पण तर्क न करण्याच्या सबबीखाली माहितीही दडविली नाही. निदान अनिश्चित असतानाही लोकांनी काय करावे, हे त्यांनी निश्चितपणे सांगितले. दुसऱ्या संस्थेच्या कामावर त्यांनी टीका केली नाही आणि तिच्या वतीने उत्तरही दिले नाही.

आता वार्ताहर ग्रामपंचायतीत जातो.

“सरपंचताई, तक्रार आली होती की नाही?”

“आली होती. नोंदवहीत तारीख आहे, तुम्ही पाहू शकता. दुरुस्ती पाच दिवसांनी सुरू झाली. एवढा उशीर का झाला, याची चौकशी करावी, असे पत्र मी आजच गटविकास अधिकाऱ्यांना दिले आहे. ती वाहिनी सकाळपासून बंद ठेवली आहे आणि पिण्यासाठी टँकर येतो आहे. वाहिनी धुऊन, टीसीएल टाकून, पाण्याची तपासणी झाल्यावरच नळ पुन्हा सुरू करू. तोपर्यंत वापरायच्या पाण्याच्या नळावरचे पाणीही कोणी पिऊ नये.”

झालेला उशीर कबूल करण्यास धैर्य लागते. परंतु नोंदवहीत असलेली गोष्ट नाकारून काही साध्य होत नाही. ती दुसऱ्या दिवशी छायाचित्रासह प्रसिद्ध होते आणि मग “पाणी पिऊ नका” या सरपंचांच्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. आजच्या उत्तरातील खरेपणा ही उद्याच्या सूचनेच्या विश्वासार्हतेची हमी असते.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. तरीही कॅमेरा समोर येताच सरपंचबाईंच्या ऐवजी त्यांचे पती किंवा दीर उत्तरे देऊ लागतात, हे दृश्य अद्याप पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. पदाची जबाबदारी ज्यांची, उत्तरही त्यांचेच असावयास हवे. वार्ताहरांनी प्रश्न त्यांनाच विचारावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंदी व आकडे आधी त्यांच्या हाती द्यावेत. सरपंचांनी घरच्या बोलीत उत्तर दिले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. उलट, गावाला ते अधिक चांगले समजते.

अवघड प्रश्नांना सामोरे जाताना

काही प्रश्नांची घडणच अशी असते की, उत्तर देणारा गोंधळात पडतो. जर-तरच्या प्रश्नांना (“धरण भरलेच नाही तर?”) भविष्यकथन करू नये; सध्याचा साठा किती आणि टंचाई आराखड्यात कोणती तरतूद आहे, ते सांगावे. दोनपैकी एक निवडा अशा प्रश्नांत (“हा हलगर्जीपणा की भ्रष्टाचार?”) दोन्ही पर्याय अयोग्य असू शकतात, त्यांपैकी कोणताही न स्वीकारता वस्तुस्थिती सांगावी. आरोपात्मक प्रश्नाला उत्तर देताना आरोपाचे शब्द आपल्या तोंडी घेऊ नयेत. “आम्ही धान्य चोरलेले नाही” या वाक्यातील ‘चोरी’ हाच शब्द मथळ्यात जातो. “धान्याचा साठा आणि नोंदवही आज तपासली, दोन्ही जुळतात” असे सांगितले, तर उत्तरही होते आणि पुरावाही मिळतो. अर्थात, ते जुळत असेल तरच असे म्हणावे.

“मला काही बोलायचे नाही” हे वाक्य शक्य तो टाळावे. ऐकणाऱ्याला त्यात कबुलीचा वास येतो. माहिती देता येत नसेल, तर का देता येत नाही ते सांगावे. चौकशी सुरू आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, मृताच्या नातेवाइकांना अद्याप कळविलेले नाही, ही कारणे सामान्य माणसाला सहज पटतात. त्यासोबत माहिती केव्हा मिळू शकेल, तेही सांगावे.

कधी कधी वार्ताहर उत्तर संपल्यावरही काही न बोलता पाहत राहतो. त्या शांततेने अस्वस्थ होऊन अनेक जण अनवधानाने नको ते बोलून जातात. उत्तर पूर्ण झाले असेल, तर थांबावे. तसेच “हे छापू नका हं” असे म्हणून खासगीत काही सांगण्याचा मोह आवरावा. जे छापून यावे असे वाटत नाही ते सांगूच नये, हा यावरील सर्वांत खात्रीचा उपाय. ध्वनिक्षेपक कपड्यांना लावलेला असताना मुलाखतीपूर्वी व नंतर केलेल्या गप्पाही मुद्रित होऊ शकतात.

कोणाचे नाव उघड करू नये

काही माहिती गुप्त ठेवणे हे कायद्याने बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलांवरील लैंगिक अपराधांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यांतील पीडित व्यक्तीच्या बाबतीत भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ७२, ओळख प्रकट करण्यास मनाई करते. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकांनाही बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने असेच संरक्षण दिले आहे. ओळख केवळ नावानेच पटते असे नाही. मुलीची इयत्ता, शाळा, वडिलांचा व्यवसाय आणि गल्ली सांगितली की, गावात नाव सांगावे लागत नाही. मुख्याध्यापकांनी व सरपंचांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शाळेत विषबाधेसारखी घटना घडल्यास पालकांना प्रथम कळवावे, वार्ताहरांना नंतर. आजारी मुलांपुढे कॅमेरा नेऊ देऊ नये. मुलांची संख्या, त्यांना कोठे नेले आहे, प्रकृती कशी आहे, पालकांनी कोणाशी संपर्क साधावा, एवढे मात्र तत्परतेने सांगावे.

माध्यमानुसार पथ्ये

वर्तमानपत्राच्या वार्ताहराला तपशील हवे असतात. त्याला आकडे लेखी द्यावेत. ऐकण्यातील व लिहून घेण्यातील चुका त्यामुळे टळतात. आकाशवाणीसाठी बोलताना वाक्ये छोटी असावीत, कारण श्रोत्याला मागे वळून पुन्हा ऐकता येत नाही. “सदरहू”, “उपरोक्त”, “विहित नमुन्यात” हे फायलीतील शब्द तेथे कामाचे नाहीत. दूरचित्रवाणीवर दहा मिनिटांच्या बोलण्यातून बहुधा वीस-तीस सेकंदच दाखविले जातात. यास्तव मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगावी. कॅमेऱ्याकडे न पाहता विचारणाऱ्याकडे पाहावे. मागे काय दिसते आहे, याकडेही लक्ष असावे. अपघातस्थळी हसरा चेहरा किंवा टंचाईच्या मुलाखतीत मागे वाहणारा नळ दिसला, तर बोललेले सारे वाया जाते. भ्रमणध्वनीवर चित्रित झालेले तुकडे संदर्भ सोडून फिरतात, म्हणून महत्त्वाच्या प्रसंगी आपल्या बाजूनेही मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे हितावह असते. तसे करीत असल्याचे वार्ताहराला सांगावे.

प्रसिद्धीनंतर

मुलाखत प्रसिद्ध झाल्यावर ती काळजीपूर्वक वाचावी किंवा पाहावी. मथळा मनासारखा नाही, एवढ्यावरून तक्रार करू नये. आकडा, नाव किंवा विधान चुकले असेल, तर प्रथम वार्ताहराला शांतपणे दाखवून द्यावे. प्रामाणिक चूक बहुधा तेवढ्याने दुरुस्त होते. तसे न झाल्यास संपादकांना लेखी खुलासा पाठवावा. तो थोडक्यात असावा : काय प्रसिद्ध झाले, वस्तुस्थिती काय आहे, पुरावा कोणता. शासकीय कार्यालयांनी हा खुलासा जिल्हा माहिती अधिकाऱ्यांमार्फत पाठवावा. संपादकांकडून दाद न मिळाल्यास भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते. दैनिके व साप्ताहिके यांच्याविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. दूरचित्रवाणी वाहिन्या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथम वाहिनीकडेच तक्रार करण्याची, आणि तेथे समाधान न झाल्यास वरच्या पातळीवर जाण्याची त्रिस्तरीय व्यवस्था २०२१ च्या नियमांनी केली आहे. आपल्याच बोलण्यात चूक झाली असेल, तर मात्र दुसऱ्याने दाखवून देण्याची वाट न पाहता आपणच ती त्याच दिवशी दुरुस्त करावी.

या सर्व सूचना आचरण्यास अवघड नाहीत. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही. आपल्या कामाच्या नोंदी अद्ययावत असाव्या लागतात आणि आपण कोणासाठी बोलत आहोत याची जाणीव असावी लागते. ज्या कार्यालयाची नोंदवही चोख, त्याला प्रश्नांचे भय वाटत नाही. पंचायत समितीच्या मासिक सभेत किंवा शिक्षकांच्या केंद्र संमेलनात तासभर वेळ काढून, एकाने वार्ताहर व दुसऱ्याने सरपंच अथवा मुख्याध्यापक होऊन अशा मुलाखतींचा सराव केल्यास तो निश्चितच उपयुक्त ठरेल. पावसाळ्यापूर्वी आपण धरणांचे दरवाजे आणि औषधांचा साठा तपासतो. संकटकाळी लोकांशी कोण बोलणार, तेही तेव्हाच ठरवून ठेवावे.